खारपाणपट्ट्यात होयाच्या कळ्या उमलण्याआधीच गळतात तेव्हा

फाल्गुनात होयाच्या वेलीला कळ्यांचे घोस धरतात, ज्वारीच्या दाण्याएवढ्या कळ्या फुगत फुगत वाटाण्याएवढ्या होतात, आणि आता आठ-दहा दिवसांत फुले येतील असे वाटत असतानाच एकेक कळी पिवळट पडून आपल्या बारीक देठासकट ओट्यावर पडलेली दिसते. आठवडाभरात घोसाच्या जागी नुसता खुंट उरतो. दर्यापूर तालुक्यातील आमच्या घरी हा प्रकार सलग तीन उन्हाळे घडला. मग त्याचे मुख्य कारण सापडले आणि चौथ्या वर्षापासून कळ्या टिकू लागल्या, म्हणून या भागात ज्यांच्या घरी होया आहे आणि ज्यांना दर वर्षी हीच निराशा पदरी येते त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

होया ही रुईच्या कुळातली वेल आहे. पान तोडले की रुईसारखाच पांढरा चीक येतो. घरोघरी जी सर्वांत जास्त दिसते ती होया कार्नोसा. तिची पाने जाड व मांसल असतात, आणि फिकट गुलाबी, मेणाने घडवल्यासारख्या पंचकोनी फुलांचा चेंडूसारखा घोस येतो. प्रत्येक फुलाच्या मध्यभागी लालसर चांदणी असते आणि सुगंध रात्री अधिक दरवळतो. रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१० मध्ये या प्रजातीला होया हे नाव दिले, ते इंग्लंडमधील सायन हाऊसच्या बागेचे माळीकाम पाहणाऱ्या थॉमस हॉय यांच्या सन्मानार्थ. ज्या हातांनी झाडे जगवली त्या हातांचे नाव या वेलीला मिळाले, याचा मला मनापासून आनंद वाटतो. मात्र निवारणाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. ही वेल रानात जमिनीत वाढण्यापेक्षा झाडांच्या खोडांवर आणि फांद्यांवर, सालीच्या खाचांत साचलेल्या पालापाचोळ्यात मुळे रोवून वाढते आणि तिला मिळणारे पाणी बहुतांशी पावसाचे असते. म्हणजे तिच्या मुळांना खेळती हवा आणि जवळजवळ क्षार नसलेले पाणी यांची सवय असते, आणि आमच्या गावात नेमक्या याच दोन गोष्टी तिला मिळत नव्हत्या.

पहिली दोन वर्षे मी सगळा दोष उन्हाला दिला. वैशाखात आमच्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो, दुपारी हवेत ओलावा म्हणून उरत नाही, तेव्हा उष्ण प्रदेशातली असली तरी दमट हवेत वाढलेल्या वेलीच्या कळ्या गळणारच, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली होती. त्या समजुतीपायी मी वेलीवर दिवसातून तीन-तीन वेळा पाणी शिंपडत असे आणि कुंडी कधी ओसरीत, कधी माजघरात, कधी न्हाणीजवळ हलवत असे. ही समजूत मोडली ती अमरावतीला बहिणीकडे गेल्यावर. माझ्या वेलीची काडी मूळ तिच्याच वेलीची. दोन्ही वेली एकाच वयाच्या नसल्या तरी एकाच रक्ताच्या. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात तिच्या ओसरीत पाच घोस पूर्ण उमललेले होते. अमरावतीचे ऊन आमच्यापेक्षा काही सौम्य नाही, तिची ओसरीही आमच्यासारखीच पूर्वेकडे तोंड करून आहे. फरक होता तो पाण्याचा. अमरावती शहराला अप्पर वर्धा धरणाचे पाणी येते आणि आम्ही बोअरचे पाणी घालतो.

पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा खारपाणपट्टा आहे आणि आमचे गाव त्यातच येते. इथे जमिनीखालचे पाणी खारट असते हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. पिण्यासाठी आम्ही ते वापरत नाही, डाळ त्यात शिजत नाही, त्या पाण्याने धुतलेल्या भांड्यांवर पांढरे डाग राहतात. आणि तरी तेच पाणी कुंडीत ओतताना माझ्या मनात शंकाही आली नाही. सासूबाईंनी मात्र ते एका वाक्यात सांगितले होते. त्या तुळशीला रांजणातले पावसाचे पाणी घालतात. मी होयाला बोअरचे पाणी घालताना पाहून त्या म्हणाल्या, ‘‘तुळशीले जे पानी सोसत नाई, थे या येलीले कसं सोसन वं?’’ मी ते कानाआड केले, याची रुखरुख आजही आहे.

खारट पाण्याचा त्रास वेलीवर कसा ओळखावा, हे आधी सांगते, कारण कळीगळीची इतरही कारणे आहेत आणि ओळख चुकली तर उपाय उलटा होतो. खालचे एक जुने, जाड पान दोन बोटांत धरून हलकेच वाकवून पाहावे. पाणी भरपूर मिळालेल्या होयाचे पान ताठ असते, ते वाकत नाही, जास्त जोर केला तर मोडते. तहानलेल्या वेलीचे पान चामड्यासारखे मऊ वाकते आणि त्यावर बारीक सुरकुत्या दिसतात. आता कुंडीत बोट दोन पेरे खोल घालून पाहावे. माती कोरडी असेल आणि पान मऊ असेल तर वेल साधी तहानलेली आहे, पाणी घातले की दोन-तीन दिवसांत पान पुन्हा भरते. पण माती ओली असून पान सुरकुतलेले असेल तर मुळे पाणी ओढू शकत नाहीत असा त्याचा अर्थ होतो. एक तर ती कुजली आहेत, किंवा मातीतल्या पाण्यात क्षार इतके वाढले आहेत की ते पाणी मुळांच्या उपयोगाचे राहिलेले नाही. अशा वेळी वेल आधी पाने वाचवते आणि कळ्या सोडून देते. माझ्या वेलीची पाने तीनही उन्हाळ्यांत ओल्या मातीत सुरकुतलेली होती, आणि ती सुरकुतलेली दिसली की मी आणखी पाणी घालत होते, म्हणजे आणखी मीठ घालत होते.

दुसरी खूण कुंडीवरच असते. मातीच्या कुंडीच्या बाहेरच्या अंगाला, विशेषतः काठाखाली दोन-तीन बोटे, जुन्या भिंतीला लागतो तसा पांढरा लोणा लागलेला दिसतो. नखाने खरवडला की भुकटी पडते. कुंडीच्या अंगातून पाणी बाहेर झिरपून उडून जाते आणि क्षार मागे राहतो. उन्हाळ्यात पाणी जितके जास्त उडते तितका तो लवकर साचतो. म्हणूनच हा त्रास उन्हाळ्यातच उघडा पडतो आणि आपण उन्हाला दोष देऊन मोकळे होतो. पानांच्या कडा आणि टोके तपकिरी होऊन वाळणे ही तिसरी खूण आहे.

तिसऱ्या वर्षी मी आणखी एक मोठी चूक केली, आणि ती आमच्या भागातल्या अनेक घरांत होते म्हणून मुद्दाम सांगते. घरी आरओचे यंत्र बसवले, त्यातून जे टाकाऊ पाणी बाहेर येते ते वाया जाऊ नये म्हणून मी ते बादलीत धरून कुंड्यांना घालू लागले. काटकसर म्हणून हे बरोबर वाटते. परंतु यंत्राने १०० लिटरमधून ४० लिटर गोडे पाणी काढले तर त्या १०० लिटरमधला जवळजवळ सगळा क्षार उरलेल्या ६० लिटरमध्ये उतरतो, म्हणजे ते पाणी बोअरच्या पाण्याच्या दीडपटीहून अधिक खारट होते. त्या वर्षी कळ्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या असतानाच गळाल्या, वाटाण्याएवढ्या झाल्याच नाहीत. हे पाणी फरशी आणि न्हाणी धुण्यासाठी ठेवावे. होयाच काय, कोणत्याही कुंडीला घालू नये.

कळ्या टिकाव्यात म्हणून पोटॅश घालण्याचा सल्लाही मला मिळाला होता आणि शेतीच्या घरात खते हाताशी असल्यामुळे तो अमलात आणायला वेळ लागला नाही. खत हाही क्षारच आहे. ज्या कुंडीत आधीच मीठ साचले आहे तिच्यात डीएपीचे दाणे किंवा युरियाची चिमूट टाकणे म्हणजे तापलेल्या माणसावर गोधडी घालण्यासारखे आहे. आता मी पावसाळ्यात आणि त्यानंतर थंडी पडेपर्यंत महिन्यातून एकदा १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम इतके सौम्य करून देते. कळ्या दिसू लागल्या की काहीही देत नाही.

उपाय दोन टप्प्यांत केला. जानेवारीत, कळ्यांचा मागमूस नसताना, कुंडी धुतली. आठ इंची कुंडीत साधारण चार लिटर माती मावते. साठवलेले पावसाचे आठ लिटर पाणी अर्ध्या-अर्ध्या तासाने चार वेळा, दर वेळी दोन लिटर, असे सावकाश ओतले आणि खालून वाहून गेलेले पाणी बशीत साचू दिले नाही. पहिल्यांदा निघालेले पाणी चहाच्या रंगाचे होते आणि बोट लावून जिभेवर ठेवले तर स्पष्ट खारट लागले. आठ दिवसांनी पुन्हा तसेच केले. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पाने ताठ झाली होती.

दुसरा टप्पा मातीचा. आमची काळी कपाशीची माती शेतात सोन्यासारखी असली तरी होयाच्या कुंडीत ती घातक ठरते. ओली झाली की फुगून हवा बंद करते, वाळली की भेगाळून बारीक मुळे तोडते, आणि धरलेला क्षार सहजासहजी सोडत नाही. मी ती पूर्ण काढून दोन भाग कोकोपीट, दोन भाग हरभऱ्याएवढे विटांचे तुकडे, एक भाग लाकडी कोळशाचा चुरा आणि एक भाग गांडूळखत असे मिश्रण भरले. कोकोपीट गोड्या पाण्यात दोन-तीन वेळा भिजवून पिळून घ्यावेच लागते, कारण नारळाच्या काथ्यातच बरेचदा मीठ असते. नवी कुंडी मोठी घेऊ नये. होयाची मुळे कुंडीत दाटलेली असली तर ती अधिक फुलते; मोकळ्या, मोठ्या कुंडीत ओल जास्त दिवस राहून मुळे कुजतात. ही माती बदलण्याचे काम कळ्या आलेल्या असताना कधीही करू नये. पावसाळ्याच्या सुरुवातीला किंवा हिवाळ्याच्या शेवटी करावे.

ज्यांच्या वेलीला या क्षणी कळ्या आहेत आणि त्या गळत आहेत त्यांनी माती न बदलता एका संध्याकाळी गोड्या पाण्याने कुंडी सावकाश एकदा धुवावी आणि पुढचे पाणी गोडेच द्यावे. मात्र जी कळी पिवळी पडली ती परत हिरवी होत नाही. वाचतात त्या मागून येणाऱ्या.

पाणी बदलल्यावर चौथ्या वर्षी सात घोसांपैकी चार उमलले. उरलेले तीन का गेले याचा शोध घेताना आणखी दोन कारणे सापडली, आणि दोन्ही आमच्या उन्हाळ्याच्या घरातली आहेत.

पहिले कारण कुलर. कुलरच्या गार, ओलसर हवेने होयाला बरे वाटेल म्हणून मी एक फांदी खिडकीच्या गजांवरून थेट कुलरच्या झोतासमोर नेली होती. ओलावा तिला हवा असतो हे खरे, पण सततचा झोत कळ्यांना सोसत नाही. शिवाय आमच्या कुलरच्या टाकीतही बोअरचेच पाणी असते. झोताबरोबर बारीक थेंब उडतात आणि पाण्याचा अंश वाळला की कळ्यांवर व पानांवर मिठाचे ठिपके उरतात. गेलेल्या तीनपैकी दोन घोस त्याच फांदीवरचे होते. कुलर चालू असलेल्या खोलीत वेल ठेवायला हरकत नाही, पण ती झोताच्या बाजूला, चार-पाच हात अंतरावर असावी, आणि आठवड्यातून एकदा ओल्या मऊ फडक्याने पाने पुसून घ्यावीत.

दुसरे कारण माझ्या ध्यानातही आले नसते. मे महिन्यात माहेराहून आलेले आंबे आम्ही माजघरात गवतात आढी घालून पिकवतो. तिसरा घोस माजघराच्या दाराशी होता आणि आंब्यांना पाड लागून घरभर वास सुटला त्याच तीन-चार दिवसांत तो पूर्ण गळून गेला. एकेक कळी नव्हे, हात लावताच सगळ्या कळ्या एकदम. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन नावाचा वायू निघतो, त्यानेच आढीतले शेजारचे आंबे पिकतात, आणि हाच वायू कळ्या व फुले झाडापासून सुटण्यास कारणीभूत होतो. होया याबाबतीत नाजूक आहे. चुलीच्या धुरातही हा वायू असतो, त्यामुळे स्वयंपाकघराच्या खिडकीत वेल टांगणेही टाळावे. आंबे दुसऱ्या खोलीत हलवणे हा त्यावरचा साधा उपाय आहे. वेल हलवू नये.

वेल का हलवू नये, तर तिला घोस धरल्यानंतर जागा बदललेली चालत नाही. उजेडाची दिशा बदलली की कळ्यांचे घोस वळू लागतात आणि त्यात काही गळतात. म्हणून होळीच्या आधीच तिची उन्हाळ्याची जागा ठरवावी. सकाळचे दोन-तीन तास कोवळे ऊन आणि नंतर दिवसभर भरपूर उजेड, पण पश्चिमेचे ऊन अजिबात नाही, अशी पूर्वेची ओसरी सर्वांत चांगली. अंधाऱ्या माजघरात वेल हिरवी राहते पण तिला कळ्याच येत नाहीत, तेव्हा तो प्रश्न वेगळा आहे. अंजनगावकडचे पानमळे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे लगेच समजेल: चहूबाजूंनी वारा अडवलेला, वरून गाळलेला उजेड आणि आत गारवा, म्हणून वैशाखातही तिथे पानवेल हिरवीगार असते. मी ओसरीच्या पश्चिमेला तुराट्यांचा ताटवा बांधला आहे आणि दुपारी त्यावर पाणी मारते, वेलीवर नव्हे.

कीड असेल तर ती डोळ्यांना दिसते. घोसाच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो मिलीबग होय. कापसाच्या काडीला स्पिरिट लावून एकेक पुंजका टिपून काढावा. घराच्या भिंतीला लागून पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांचे, ढीग रचलेले असतील तर ही कीड तिथून पुन्हा पुन्हा येते, तेव्हा ढीग लांब हलवावा. पिवळाधमक मावा दिसला तर तो बहुधा बांधावरच्या रुईवरून आलेला असतो, कारण कुळ एकच आहे. त्यासाठी ५ टक्के निंबोळी अर्क, म्हणजे ५० ग्रॅम निंबोळीची पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, थोडा साबणाचा चुरा घालून, संध्याकाळी फवारावा. पण उमललेल्या फुलांवर नको. दोन्ही वेळा पाणी गोडेच घ्यावे.

एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. कळ्या गळून गेल्या की मागे बोटभर उघडा खुंट राहतो, तो वाळका समजून अनेक जण कापून टाकतात. पहिल्या वर्षी मीही कापले. होया त्याच खुंटावर वर्षानुवर्षे पुन्हा घोस धरते. जितके जुने खुंट तितकी फुले. तो कापला की नवा खुंट तयार होईपर्यंत वाट पाहावी लागते. तसेच पाने नसलेली लांबलचक कोवळी टोके आधार शोधत वाढत असतात, ती वाळली नाहीत तोवर कापू नयेत. दोरीवर किंवा तारेवर वळवून द्यावीत.

आता पाण्याच्या साठ्याचा हिशेब. आमच्या ओसरीवर दहा फूट बाय दहा फूट टिनाचे पत्रे आहेत. १० मिलिमीटर पाऊस झाला तर त्यावर ९० लिटरच्या आसपास पाणी पडते; उडालेले, सांडलेले वजा जाता ७५-८० लिटर हाती लागते. दोनशे लिटरचा एक ड्रम तीन चांगल्या पावसांत भरतो. एका कुंडीला उन्हाळ्यात पाच-सहा दिवसांनी एक लिटर लागते. फेब्रुवारीपासून मृग लागेपर्यंत हे पाणी पंचवीस लिटरच्या आत बसते, आणि जानेवारीतली दोन वेळची धुणी धरली तर चाळीस-पंचेचाळीस लिटर पुरेसे होतात. म्हणजे एका ड्रममध्ये चार वेली सहज निघतात. पहिल्या पावसाचे पाणी पत्र्यावरची धूळ घेऊन येते, ते वाहून जाऊ द्यावे. ड्रम सावलीत ठेवावा, तोंडावर दुहेरी कापड बांधून झाकण घट्ट बसवावे, नाही तर डास होतात. पाणी सकाळीच द्यावे. दुपारी ड्रममधले पाणीही तापलेले असते.

ज्यांना साठवण शक्य नाही त्यांनी गावातून विकत येणाऱ्या आरओच्या कॅनमधले पाणी द्यावे; आठवड्याला लिटर-सव्वा लिटर म्हणजे फार नाही. मे अखेरच्या नवतपात येणाऱ्या कळ्या मात्र माझ्याकडे अजूनही पुष्कळदा गळतात. त्या नऊ दिवसांतल्या उन्हावर माझ्यापाशी उपाय नाही, आणि मी तेव्हा वेलीला छळतही नाही. मृगाचे पाणी पत्र्यावरून एकदा धुऊन गेले की पुढच्या चांगल्या पावसात कुंडी तासभर उघड्यावर ठेवते, वर्षभराचा लोणा त्यात निघून जातो, आणि श्रावणात त्याच खुंटांवर पुन्हा ज्वारीच्या दाण्याएवढ्या कळ्या दिसू लागतात.